'आय गो' कुठे आणि 'आय ॲम गोइंग' कुठे? आमच्या ओसरीवरच्या वर्गाची अडलेली गाडी

वाड्यातली_ताई | शनिवार, रात्री ९:१०

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर मी आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवते. फी नाही, परीक्षा नाही. नऊ जण येतात. दोघे आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करणारे, एक मुलगी औषधाच्या दुकानात काम करणारी, आणि सगळ्यांत उत्साही म्हणजे शेजारच्या मावशी, वय ६१. मुलीच्या बाळंतपणासाठी जूनमध्ये टोरांटोला जायच्या आहेत.

गेल्या मंगळवारी साधा वर्तमानकाळ घेतला. नियम फळ्यावर लिहिला, सगळ्यांनी वहीत उतरवला, 'द सन राइझेस इन द ईस्ट' एका सुरात म्हणून झालं. मग मावशींना म्हटलं, सकाळी काय काय करता ते सांगा. त्या म्हणाल्या, 'आय ॲम गेटिंग अप ॲट फाइव्ह. आय ॲम मेकिंग टी. आय ॲम डुइंग पूजा.' बरं, आणि आत्ता या क्षणी? 'आय सिट.'

नेमकं उलटं. एकट्या मावशींचंच नाही, नवांतल्या सहा जणांचं असंच झालं. मी चूक दाखवली तेव्हा औषधाच्या दुकानातली मुलगी, ती गुजराती आहे, म्हणाली, "ताई, आम्ही तर दोन्हीला 'हुं जाउं छुं' म्हणतो. रोजचं जाणं असो नाहीतर आत्ताचं. इंग्रजीला दोन कशाला लागतात?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. चार दिवस तेच डोक्यात आहे.

माझं मत असं झालंय की या काळाच्या नावातले दोन्ही शब्द शिकणाऱ्याला फसवतात. तो 'साधा' नाही, आणि 'वर्तमान' म्हणावं तर 'आत्ता'शी त्याचा संबंध फार थोडा. तुम्ही कसं शिकलात, कसं शिकवता? आणि 'ही गोज' मधल्या त्या 'एस'साठी पहिल्या दिवसापासून अडून बसावं का?

सूरसागर | शनिवार, रात्री ९:३२

उपक्रमाला मनापासून नमस्कार, ताई. त्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. मराठीतही तसंच तर आहे! मित्राचा फोन आला आणि त्याने विचारलं, 'काय करतोस?' तर मी सांगतो, जेवतोय. आणि लग्नाच्या बोलण्यात कुणी विचारलं, 'मुलगा काय करतो?' तर कुणी 'जेवतोय' म्हणत नाही.

क्रियापद तेच, काळही तोच. अर्थ आपण प्रसंगावरून लावतो. इंग्रजी तो प्रसंगावर सोडत नाही. 'व्हॉट आर यू डुइंग' वेगळं आणि 'व्हॉट डू यू डू' वेगळं.

एक_इंजिनियर | शनिवार, रात्री ९:४१

इतका विचार कशाला? रोजचं असेल तर साधं, आत्ताचं असेल तर आयएनजी. एका ओळीचा नियम आहे.

खडू_फळा | शनिवार, रात्री १०:१५

@एक_इंजिनियर, चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून आदराने सांगतो: ही एक ओळ पुरत नाही. 'मला कळतंय' हे आत्ताचंच आहे ना? तरी इंग्रजीत 'आय अंडरस्टँड'. 'मला पाणी हवंय', अगदी या क्षणी हवंय, तरी 'आय वॉन्ट वॉटर'. नो (माहीत असणं), हॅव, लाइक, नीड, बिलाँग, बिलीव्ह ही क्रियापदं काम सांगत नाहीत, स्थिती सांगतात. स्थितीला सुरुवात-शेवट दिसत नाही म्हणून तिला आयएनजी लागत नाही. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं ते यामुळेच. 'आय ॲम हॅविंग लंच' मात्र शंभर टक्के बरोबर, कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं, आणि जेवण सुरू होतं नि संपतं.

'थिंक'चंही तसंच. 'आय थिंक ही इज राइट' म्हणजे माझं मत. 'आय ॲम थिंकिंग' म्हणजे विचार चालू आहे, जरा थांबा.

'राहणं' घ्या. 'आय लिव्ह इन बरोडा' म्हणजे घरदार इथलं. 'आय ॲम लिव्हिंग इन बरोडा' ऐकल्यावर इंग्रजाला वाटतं की माणूस तात्पुरता आलाय. तीन पिढ्या मांडवीत काढलेला माणूस मुलाखतीत 'आय ॲम लिव्हिंग ॲट मांडवी' म्हणतो तेव्हा मला आतून वाईट वाटतं. एवढी मुळं रुजलेली, आणि वाक्य पाहुण्याचं.

एक_इंजिनियर | शनिवार, रात्री १०:२४

मान्य, सर. मांडवीचं उदाहरण लागलं. मी स्वतः ऑफिसच्या ओळखीत वर्षानुवर्षं 'आय ॲम लिव्हिंग' म्हणत आलोय.

निळी_पतंग | शनिवार, रात्री १०:५०

मी थोडी वेगळं बोलते. माझा मुलगा तीन वर्षांत नुसतं ऐकून बोलायला लागला, एक नियम शिकला नाही. मोठ्यांनाही नियम न सांगता नुसतं बोलतं करा. फळा काढून टाका ओसरीवरून.

भाषेची_विद्यार्थिनी | शनिवार, रात्री ११:२०

@निळी_पतंग, मुलांबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्यात एक गंमत आहे. रॉजर ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने इंग्रजी घरांतल्या तीन मुलांच्या बोलण्याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या आणि १९७३ साली मांडणी केली. व्याकरणाचे चौदा छोटे घटक मुलं कोणत्या क्रमाने आत्मसात करतात, अशी. त्यात सगळ्यांत पहिला आला आयएनजी. आणि 'ही गोज'सारखा तृतीयपुरुषी 'एस'? दहाव्याच्या आसपास! ही जन्मापासून इंग्रजी ऐकणारी मुलं होती.

दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांवरच्या अभ्यासांतही हा 'एस' फार उशिरा येणाऱ्या गोष्टींत मोडतो. म्हणून ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: पहिल्या दिवशी एससाठी अडून बसू नका. मावशींच्या तोंडी आधी आयएनजी आलं यातही नवल नाही. तो कानाला ठळक ऐकू येतो, एस वाक्यात विरघळून जातो.

फळा काढायला मात्र माझा विरोध आहे. तीन वर्षांच्या मुलाकडे दिवसाचे दहा तास असतात. मावशींकडे जूनपर्यंतच्या संध्याकाळी आहेत.

बँड_सात | रविवार, सकाळी ७:४८

इथे माझा ठाम विरोध नोंदवा. एस सोडून द्या हा सल्ला आयेल्ट्सवाल्या दोघांना महागात पडेल. बोलण्याच्या परीक्षेत गुण चार निकषांवर देतात, त्यात व्याकरणाची विविधता आणि अचूकता हा एक पूर्ण निकष आहे. पहिला भाग चार-पाच मिनिटांचा, आणि त्यात प्रश्नच सगळे तुमच्याबद्दलचे. कुठे राहता, काय करता, सुट्टीत काय आवडतं. म्हणजे सुरुवातच साध्या वर्तमानकाळाने होते. 'माय फादर वर्क, माय मदर कुक' अशी सलामी दिली की पुढे उंच उंच शब्द वापरून उपयोग नाही.

लेखनातही पहिल्या कामात एखादी वस्तू कशी तयार होते त्याची आकृती आली, तर ते वर्णन साध्या वर्तमानकाळातच करायचं असतं. मी स्वतः दुसऱ्यांदा परीक्षा दिली ती या एका एसमुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

भाषेची_विद्यार्थिनी | रविवार, सकाळी ८:३०

@बँड_सात, त्या दोघांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मावशींबद्दल माझं म्हणणं कायम.

कारेलीबाग_कर | रविवार, सकाळी १०:०५

मावशी टोरांटोला जाणार आहेत हे वाचून लिहितोय.

आठ वर्षांपूर्वी बाबा माझ्या भावाकडे न्यू जर्सीला गेले होते. एका सकाळी घरात घसरून पडले, डोक्याला खोक पडली. भाऊ कामावर होता. वहिनी गाडी लावायला गेली, तेवढ्या पाच मिनिटांत नर्सने बाबांना विचारलं, 'डू यू टेक एनी मेडिसिन्स?' बाबा म्हणाले, 'नो, नो.' ती पुन्हा म्हणाली, 'डू यू टेक ब्लड थिनर्स?' बाबा पुन्हा 'नो.' बाबा रक्त पातळ करणारी गोळी रोज रात्री घेत होते. सहा वर्षांपासून.

वहिनी आत आली आणि पर्समधली गोळ्यांची पट्टी तिने टेबलावर ठेवली म्हणून निभावलं. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत ही माहिती किती मोठी असते ते तिथल्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. रात्री भावाने विचारलं, तुम्ही नाही का म्हणालात? बाबा शांतपणे म्हणाले, "मी तेव्हा कुठे घेत होतो? पलंगावर पडलो होतो." त्यांनी 'डू यू टेक' म्हणजे 'आत्ता घेताय का' असं समजून घेतलं होतं. नर्सची चूक नव्हती आणि बाबांचीही नव्हती.

ताई, मावशींना वाक्यं बोलता आली नाहीत तरी चालेल, पण 'डू यू' ऐकलं की हा माणूस माझ्या नेहमीच्या गोष्टीबद्दल विचारतोय, एवढं त्यांच्या कानात पक्कं बसवा. डू यू टेक, डू यू हॅव, डू यू स्मोक, डू यू लिव्ह अलोन. हे आधी.

वाड्यातली_ताई | रविवार, सकाळी १०:४०

@कारेलीबाग_कर, अंगावर काटा आला. मी आजवर बोलण्याकडून ऐकण्याकडे जात होते. मंगळवारी हेच आधी घेते. बाबा आता कसे आहेत?

कारेलीबाग_कर | रविवार, सकाळी १०:४४

ठणठणीत. रोज कमाटीबागेत दोन फेऱ्या मारतात. आणि कुणीही 'डू यू' म्हटलं की सावध होतात.

जुनी_पोथी | रविवार, दुपारी १२:१५

एसवरून आठवलं ते लिहिते, संस्कृत शिकवते म्हणून. मराठीत 'स' कुणाला लागतो? 'तू'ला. तू जातोस, तू करतेस. इंग्रजीने तो 'तो'ला लावलाय. मुलांचा गोंधळ होतो तो इथेही होत असेल.

पण जुन्या इंग्रजीत 'दाऊ गोएस्ट' होतं, म्हणजे 'तू'लाही एसचा आवाज होता. आणि 'तो'ला होतं 'ही गोएथ'. संस्कृतात पाहा: गच्छसि, गच्छति. 'तू'ला सि, 'तो'ला ति. इंग्रजीचा तो 'थ' आणि आपला 'ति' एकाच मुळातून आलेले आहेत. पुढे उत्तर इंग्लंडच्या बोलीतला एस दक्षिणेकडे पसरला आणि त्याने थला हटवलं. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये अजून 'थ'च सापडतो. बाकीच्या सगळ्या पुरुषांचे प्रत्यय गळून गेले, हा एकटा एस उरला. त्याच्याकडे चुकांचं कारण म्हणून न पाहता घरातल्या शेवटच्या जुन्या भांड्यासारखं पाहिलं तर तो लक्षात राहतो, असा माझा अनुभव.

आणखी एक. आपलं 'जातो' हे मुळात 'जाणारा, जात असलेला' अशा अर्थाच्या विशेषणावरून आलेलं आहे, म्हणूनच ते लिंगाप्रमाणे बदलतं: तो जातो, ती जाते. गुजरातीच्या 'जाय छे'ला लिंग नाही. तेव्हा मराठी माणसाच्या साध्या वर्तमानकाळाच्या पोटातच थोडं 'गोइंग' दडलेलं आहे.

सूरसागर | रविवार, दुपारी १२:३३

वा! हा प्रतिसाद जपून ठेवला. म्हणजे 'आय ॲम गोइंग टू ऑफिस डेली' म्हणणारा मराठी माणूस आपल्या पूर्वजांशी इमान राखतोय.

शेवउसळ_प्रेमी | रविवार, दुपारी १:०२

सगळे इतकं छान लिहिताय, मी आमच्या घरातला किस्सा टाकतो. भाचा सात वर्षांचा, इंग्रजी माध्यमात. भावाचे परदेशी पाहुणे आले होते. निघताना तो त्यांना दारापर्यंत सोडायला गेला, त्यांच्याबरोबर खाली उतरायला लागला आणि आम्हाला वळून म्हणाला, 'आय कम!' पाहुणे थांबले, त्यांना वाटलं हा पण गाडीत बसणार. तो बिचारा 'येतो हं' म्हणत होता.

आणि आतून हाक मारली की 'आय केम, आय केम!' म्हणजे 'आलो, आलो'.

(सगळ्यांना नंतर शेवउसळ खिलवली. तिखटाने पाहुण्यांचे डोळे भरले, पण बशी चाटूनपुसून.)

निळी_पतंग | रविवार, दुपारी १:२०

किती गोड! 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आजीने शिकवलेलं. गुजरातीतही निरोप घेताना 'आवजो'च म्हणतात. दोन्ही भाषा दारात उभं राहून येण्याचंच बोलतात. इंग्रजीत हे कसं आणायचं?

खडू_फळा | रविवार, दुपारी १:४५

आणायचं नाही. 'आय ॲम लीव्हिंग नाऊ' किंवा 'आय विल बी बॅक'. 'मी येतो' हा मराठीत वर्तमानकाळ दिसतो पण काम भविष्याचं करतो. 'उद्या येतो', 'सांगतो तुला', 'मी बघतो काय ते'. या सगळ्यांना इंग्रजीत 'विल' लागतं. 'आय टेल यू टुमॉरो' ही चूक तिथून येते.

इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ भविष्याचं काम करतो, पण वेळापत्रकापुरतं. 'द ट्रेन लीव्झ ॲट सिक्स.' मावशींना 'माय फ्लाइट लीव्झ ॲट टू' हे मात्र शिकवा, ते बरोबर आहे.

आणि त्याच्या उलट बाजूची चूक, जी माझ्या मते सगळ्यांत जास्त पसरलेली आहे: 'मी वीस वर्षांपासून इथे राहतो' याचं 'आय लिव्ह हिअर सिन्स ट्वेन्टी इयर्स'. मराठीत 'पासून' बरोबर वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत नाही. 'आय हॅव लिव्ड हिअर फॉर ट्वेन्टी इयर्स.' 'पासून' दिसलं की साधा वर्तमानकाळ बाजूला ठेवायचा.

फिरकीवाला | रविवार, दुपारी ४:१०

मी शिकवण्या घेतो, पाचवी ते आठवी. एसच्या प्रश्नात मुलं नेहमी अडतात ती जागा वेगळी आहे: 'डज ही गोज?' दोन्हीकडे एस. मी उत्तरायणाचं उदाहरण देतो, बडोद्याच्या मुलाला ते सांगावंच लागत नाही.

गच्चीवर एकटे असाल तर पतंगही तुम्ही उडवता आणि फिरकीही पायाशी तुम्हीच सांभाळता. 'ही गोज.' मदतीला भाऊ आला की फिरकी त्याच्या हातात जाते, तुमचे हात मोकळे. 'डज ही गो?' 'ही डझन्ट गो.' फिरकी घरात एकच आहे. ती डूने घेतली, गोच्या हातात काही उरलं नाही. एका तासात बसतं, आणि चुकलं की मुलं एकमेकांना ओरडतात, 'अरे, दोन फिरक्या!'

वाड्यातली_ताई | रविवार, दुपारी ४:२५

दोन फिरक्या! हे मी उचलणार, परवानगी धरून.

ओठांवरचं_इंग्रजी | रविवार, संध्याकाळी ६:००

उच्चाराचं कुणी बोललं नाही. लिहिण्यात एस एकच, तोंडात तीन. स्टॉप्स, वर्क्स, लाफ्स यांत स्पष्ट 'स'. रन्स, गोज, लिव्ह्ज यांत 'माझा'मधल्या झच्या जवळचा आवाज. वॉचेस, वॉशेस, चेंजेस यांत आख्खं एक अक्षर वाढतं, 'इझ'. 'डज'चा उच्चार डूज नाही आणि 'सेज'चा सेईज नाही, 'सेझ'.

मराठी माणसाकडे इथे एक ठेवा आहे. 'ईट्स'च्या शेवटी जो आवाज आहे तो चमच्यातला च. 'रीड्स'च्या शेवटचा आवाज जावयातला ज. हे दोन्ही आपल्या जिभेवर जन्मापासून आहेत. माझ्या हिंदीभाषक मैत्रिणीला 'ईट्स' म्हणायला कष्ट पडतात, आपल्याला नाहीत. मावशींना सांगा, 'चमचा' म्हणा आणि त्याच जिभेने 'ही ईट्स' म्हणा.

मोतीबाग_एंड | रविवार, रात्री ८:३०

साधा वर्तमानकाळ 'आत्ता'चा नसतो, हे ताईंचं मत मला पूर्ण पटलेलं नाही. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंटरी ऐका. विजय हजारे ज्या संघाकडून खेळले, मोरे, मोंगिया, पठाण बंधू, पंड्या बंधू ज्या गावाने दिले, त्या गावात हे उदाहरण यायलाच हवं. 'ही कम्स इन, बोल्स, ही ड्राइव्ह्ज, अँड इट गोज फॉर फोर.' डोळ्यासमोर, त्या क्षणी घडतंय, आणि सगळा साधा वर्तमानकाळ! तोच निवेदक पुढच्या वाक्यात म्हणतो, 'ही इज बॅटिंग ब्यूटिफुली टुडे.'

माझी समजूत अशी: जे क्षणात सुरू होऊन क्षणात संपतं त्याला आयएनजी लावायला वेळच मिळत नाही. चेंडू टाकला, मारला, गेला. जे पसरलेलं आहे त्याला आयएनजी. 'आय प्रॉमिस', 'आय ॲग्री', 'आय अपॉलजाइज' हेही तसेच. शब्द उच्चारला की काम झालं.

वाड्यातली_ताई | रविवार, रात्री ८:५५

@मोतीबाग_एंड, मत सुधारते. 'आत्ता'शी संबंध नाही असं नाही, 'चालू असण्या'शी संबंध नाही. म्हणजे वस्तू पूर्ण, अखंड दिसते. नेहमीची सवय पूर्ण, स्थिती पूर्ण, टाकलेला चेंडूही पूर्ण. चालू काळात मात्र आपण मधेच डोकावून पाहतो.

भाषेची_विद्यार्थिनी | रविवार, रात्री ९:१५

ताई, हेच. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. मराठी-गुजरातीला हा भेद करता येत नाही असं मुळीच नाही, रोजच्या बोलण्यात तो सक्तीचा नाही इतकंच. त्यामुळे एक कसोटी देते. वाक्य आधी मराठीत म्हणायचं आणि क्रियापद बदलून पाहायचं: 'करत असते' बसतंय की 'करतेय' बसतंय? 'मी पाचला उठत असते' बसलं, म्हणून 'आय गेट अप'. 'मी भाजी चिरतेय' बसलं, म्हणून 'आय ॲम कटिंग'. गुजराती मुलीसाठी 'करती होउं छुं' आणि 'करी रही छुं'.

मावशींच्या 'आय सिट'चं मात्र वेगळं कारण असावं. आत्ता काय करताय, तर मराठीत आपण 'बसतेय' म्हणत नाही, 'बसलेय' म्हणतो. तो झोपलाय, ती उभी आहे, बाळ निजलंय. मराठीत हे झालेलं काम आहे, इंग्रजीत चाललेलं: इज सिटिंग, इज स्लीपिंग, इज स्टँडिंग. मावशींना 'बसतेय' सापडलं नाही म्हणून त्या 'आय सिट'वर गेल्या. या पाच-सहा शब्दांची यादी वेगळी द्या: बसणं, उभं राहणं, झोपणं, पडून राहणं, कपडे घालणं. 'तिने लाल साडी नेसलीय' याचं 'शी इज वेअरिंग'.

एक_इंजिनियर | रविवार, रात्री ९:२२

एका ओळीचा नियम मागे घेतो. धागा छापून ठेवतोय, मुलीसाठी.

जुनी_पोथी | रविवार, रात्री ९:४०

अवांतर, पण बडोद्याचा धागा आहे म्हणून. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, ज्या गावच्या कॉलेजात अरविंद घोष इंग्रजी शिकवत होते, त्या गावात आज एका ओसरीवर नऊ माणसं इंग्रजीचा एक काळ समजून घ्यायला बसतात. मला हे फार भरून येणारं वाटतं. ताई, पावसाळ्यात ओसरी गळत असेल तर आमच्याकडे खोली रिकामी आहे, रावपुऱ्यात.

वाड्यातली_ताई | मंगळवार, रात्री ९:५०

आजचा वर्ग झाला, लगेच लिहितेय.

फळ्यावर काहीच लिहिलं नाही. कारेलीबागकरांच्या बाबांची गोष्ट सांगितली. ओसरी चिडीचूप. मावशींनी पिशवीतून आपल्या गोळ्या काढून मांडीवर ठेवल्या, बीपीची आणि थायरॉइडची. मग आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने डॉक्टर व्हायचं ठरवलं. औषधाच्या दुकानातली मुलगी पहिली डॉक्टर झाली. तिच्या तोंडून 'डू यू टेक एनी मेडिसिन्स' इतक्या सहज आलं की मीच बघत राहिले. दुकानात ती हेच दिवसभर गुजरातीत विचारते.

'करत असते' आणि 'करतेय'ची कसोटी चालली. सहातल्या चौघांची गाडी रुळावर आली. दोन फिरक्यांचा आरडाओरडा सात वेळा झाला, त्यातली एक माझी, घाईत 'डज शी टेक्स' म्हणून गेले. आयेल्ट्सवाल्या दोघांना एस रोज लिहून आणायला सांगितलाय, दहा वाक्यं, वडिलांच्या दिवसाची. मावशींना एसची सूट दिली आहे.

शेवटी चहा आला. मी मुद्दाम विचारलं, 'मावशी, डू यू टेक शुगर?' मावशींनी कप खाली ठेवला, मनातल्या मनात काहीतरी म्हणून पाहिलं, ओठ हलताना दिसले, आणि म्हणाल्या, 'यस. आय टेक शुगर. टुडे आय ॲम नॉट टेकिंग. टुडे इज चतुर्थी.'

चतुर्थीचा आणि साखरेचा काय संबंध ते विचारायचं राहिलं. पुढच्या गुरुवारी विचारते. तोवर कुणाकडे 'बसलेय, झोपलाय'सारखे आणखी शब्द असतील तर इथे टाका, यादी करतेय.

ओठांवरचं_इंग्रजी | मंगळवार, रात्री १०:०२

'टेकून उभा आहे': इज लीनिंग. 'लटकलंय': इज हँगिंग.

निळी_पतंग | मंगळवार, रात्री १०:०६

'वाट बघत बसलेय': ॲम वेटिंग. आणि ताई, फळा राहू द्या ओसरीवर.